समोरच्या घरी ठेवलेली झोळी

"काका, हिला जरा धरा हं, मी दुसरं कापड काढते," असं म्हणून दुकानातल्या मुलीनं बाहुली आप्पांच्या हातात दिली.

ती खेळण्यातली बाहुली नव्हती. तान्ह्या बाळाएवढी लांब, तेवढ्याच वजनाची, आत वाळू भरलेली, आणि मान धरली नाही तर डोकं कलंडेल अशी. बाळाला अंगाशी बांधून न्यायची कॅरियर्स विकणारं ते दुकान होतं आणि गिऱ्हाइकांना सराव करता यावा म्हणून ती ठेवलेली असायची. मुलीनं तिला पांढऱ्या सुती कापडात गुंडाळलं होतं, तोंड तेवढं उघडं. लांब कापडाचा मध्य कसा शोधायचा ते ती मला दाखवत होती आणि मी आठव्या महिन्याचं पोट सावरत वाकून बघत होते. मान वर केली तर आप्पा बाहुली काउंटरवर ठेवत होते, अगदी सावकाश, डोक्याखाली हात देऊन. मग त्यांनी चपला घातल्या.

"आप्पा, कुठं निघालात?"

"बाहेर हाय मी. तू बघ काय बघायचं ते."

काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. गंगापूर रोडवरची गाड्यांची रांग ते असे बघत उभे होते, जणू ती मोजायला त्यांना कुणी नेमलं होतं. मुलगी हसून म्हणाली की काकांना आवडलेलं दिसत नाही. मीही हसले, सासरच्या माणसांसमोर हसतात तसं. पुन्हा येईन म्हटलं आणि बाहेर पडले. त्या आठवड्यातलं हे तिसरं दुकान होतं, आणि तिन्ही ठिकाणाहून आप्पांनी मला रिकाम्या हातानं बाहेर काढलं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. सगळा जन्म तासगाव-सांगली भागात खांबांवर चढण्यात गेला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते सांगलीच्या घरात एकटेच राहत. मी नाशिकला, औषधांच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. लग्न केलं नव्हतं. म्हणजे शपथ वगैरे घेतली नव्हती, जमलं नाही. तिशी उलटल्यावर लोकांनी विचारणं सोडलं, आणि सदतिसाव्या वर्षी मी ठरवलं की नवरा नसला तरी मूल हवं. डॉक्टरकडे गेले, उपचार घेतले. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा राहिलं.

मिरजेच्या आत्याला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "लोकांना काय सांगायचं गं?"

"खरं सांगायचं."

"खरं सांगायची सोय असती तर तुला कशाला विचारलं असतं?" असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि पुन्हा केला नाही.

मग आप्पांना फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तेव्हा त्यांनी जाऊन गॅस बंद केला. मग म्हणाले, "बरं. जेवलीस का?" त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात मी पुढचे कित्येक महिने घालवले. कधी वाटायचं, मान्य आहे. कधी वाटायचं, तुझं तू बघ. 'बरं' हा शब्द असा आहे की ऐकणाऱ्याच्या मनात जे असेल ते त्यात मावतं.

खरं सांगायचं तर ते महिने फार एकटेपणाचे गेले. मी निर्णय माझा म्हणून घेतला होता, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. सोनोग्राफीला गेलं की बाहेरच्या बाकावर प्रत्येकीबरोबर कुणीतरी असायचं, नवरा, आई, नाहीतर निदान कंटाळलेली जाऊ. आतली बाई दर वेळी विचारायची, "बरोबर कोण आहे?" आणि दर वेळी मी सांगायचे, "कोणी नाही." तिला ते लक्षात राहत नसे. डोहाळजेवण कुणी केलं नाही. कारखान्यातल्या मैत्रिणींनी केक कापला, आणि समोरच्या कोठावदे काकूंनी एका दुपारी दार लावून घेऊन माझी नारळानं ओटी भरली. "कोणी विचारलंच तर मी हळदीकुंकू सांगेन," असं त्या म्हणाल्या. काकू धुळ्याकडच्या, मुलगा दुबईला, त्या एकट्या. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, आणि मला त्या पाण्याचा राग आला होता.

आठव्या महिन्यात आप्पा न बोलावता आले. एक पिशवी, एक ट्रंक, आणि सांगलीची हळद. "बाळंतपण हाय, कुणीतरी पाहिजे की," एवढंच म्हणाले. मी दाराआड जाऊन रडले. वाटलं, आता ठीक होईल.

मग कॅरियरचा विषय निघाला. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाळाला डॉक्टरकडे न्यायचं तर पिशवी, किल्ली, कठडा आणि बाळ, आणि हात दोनच. दुसऱ्यांच्या घरी आणखी दोन हात असतात. माझ्या घरी ते नसणार होते, म्हणून मला कॅरियर हवं होतं. मी प्रयोगशाळेतली बाई, सगळं वाचून ठेवलं होतं. बाळाचे गुडघे कुल्ल्यांच्या वर राहिले पाहिजेत, हनुवटी छातीवर टेकता कामा नये, चेहरा आपल्याला दिसला पाहिजे, आणि मान वाकवली की त्याच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे. ते शेवटचं वाचून मी बराच वेळ पुढचं वाचलं नव्हतं. त्या कापडाच्या तुकड्याशिवाय माझं भागणार नाही आणि तो मिळाला की मी एकटी निभावून नेईन, अशी माझी समजूत झाली होती.

आप्पा त्याला झोळी म्हणत. आणि एकही झोळी त्यांना पसंत पडेना. पहिल्या दुकानात बकलांची होती. त्यांनी बकल चारदा लावलं, काढलं, कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकला, आणि दुकानदारासमोर म्हणाले, "असल्या बकलावर मी खांबावर चढलो असतो तर पेन्शन घ्यायला राहिलो नसतो." दुसऱ्या दुकानात कडीतून कापड ओवायची होती, एका खांद्यावरची. त्यावर, "सगळा भार एका अंगाला. खांब असा उभा केला तर पहिल्या वाऱ्यात जातोय." मला हसू आलं होतं. म्हटलं, म्हातारा मन लावून बघतोय. पण तिसऱ्या दुकानात त्यांनी खोडसुद्धा काढली नाही. बाहुली ठेवली आणि बाहेर गेले, तेव्हा माझ्या मनात काहीतरी खटकलं.

मग एकेक आठवायला लागलं. काकू त्यांच्या नातवाची झबली घेऊन आल्या होत्या, तर आप्पा दारातूनच म्हणाले, "राहू द्यात तुमच्याकडंच." पाळण्यासाठी छताला कडी मारून द्या म्हटलं, तर त्यांना ड्रिल सापडेना. बाळासाठी कपाटाचा एक कप्पा मी रिकामा केला होता, त्यात त्यांनी माझे स्वेटर ठेवून दिले. मूल व्हायच्या आधी घरात त्याचं काही आणायचं नसतं, असं जुनी माणसं म्हणतात हे मला काय ठाऊक नव्हतं? पण आप्पा तसले नव्हते. अमावस्येला खांबावर चढायला बाकीचे कुरकुरायचे तेव्हा हे मुद्दाम पुढे व्हायचे. आईच्या गुरुवारांवर त्यांनी जन्मभर टीका केली. तेव्हा ते कारण असेल असं मला सुचलंसुद्धा नाही. मला एकच अर्थ दिसला. ज्या मुलाला बाप नाही, ते मूल त्यांना या घरात नको होतं. मुलीसाठी ते आले होते. बाळासाठी नाही.

त्या दिवशी दुकानातून घरी आलो. आप्पांनी चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "तुम्हाला कॅरियर नको आहे की मूल?"

ते चहाकडे बघत राहिले. "तसलं काय न्हाई."

"मग काय आहे?"

"मूल झाल्यावर घेऊ की. दुकान पळून जातंय व्हय?"

"झाल्यावर मी टाके घेऊन दुकानं हिंडू? कोण आणून देणार आहे मला?"

त्यांनी चहा गाळला, माझ्यासमोर कप ठेवला. तेव्हा मी म्हटलं, "आई असती तर तिनं असं केलं नसतं." ते कप घेऊन गॅलरीत गेले आणि चहा निवून साय धरेपर्यंत तिथंच उभे राहिले.

मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून मोबाइलवर, त्या तिसऱ्या दुकानाच्याच साइटवरून, बकलांचं एक मागवलं. चांगलं, माझ्या मापाचं, सगळ्यात लहान साइझचं. आप्पांना सांगितलं नाही. चार दिवसांनी निरोप आला की वस्तू घरी पोचली, वडिलांनी घेतली. संध्याकाळी घरी आले तर खोका कुठंच नव्हता. पलंगाखाली, कपाटावर, माळ्यावर, सगळीकडे बघितलं. आप्पा भाजी निवडत बसले होते.

"माझं काही आलं होतं का?"

"आलं हुतं."

"कुठं आहे?"

"ते परत गेलं," ते म्हणाले. गवारीचे दोर काढायचे थांबले नाहीत.

मला इतका राग आला की पोटात बाळ वळलं. मी आवाज न चढवता म्हटलं, "आप्पा, तुम्ही सांगलीला जा."

"बाळंतपण होऊ दे. मग जातो."

"नाही. उद्याच जा. माझं मी बघेन. नाहीतरी मीच बघणार आहे."

त्यांनी निवडलेली गवार एका बाजूला केली. मग म्हणाले, "बरं." तेच 'बरं'. या वेळी मात्र मला त्यात फक्त एकच अर्थ ऐकू आला.

दुसरा दिवस शनिवार, अर्धा दिवस काम. मी निघाले तेव्हा त्यांनी ट्रंक बाहेरच्या खोलीत आणून ठेवली होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. प्रयोगशाळेत सकाळभर एकच गोष्ट मनात होती, की घरी गेल्यावर ते नसतील आणि मग मला खरंच कोणी नसेल. फोन करावा असं दहादा वाटलं. केला नाही. हा हट्टीपणा मला कुणाकडून मिळाला हे सांगायला नको.

दुपारी जिना चढून वर आले. दाराला कुलूप नव्हतं. आत ट्रंक तशीच होती, वर नीट घडी केलेला मफलर, पण आप्पा नव्हते. मी हाक मारणार तेवढ्यात समोरून काकूंचा आवाज आला. त्यांचं दार अर्धवट उघडं होतं.

"आप्पा, थापटू नका हो. तांदूळ आहेत ते."

"हाताला सवय असू दे."

मी दार ढकललं. काकू चष्मा लावून मोबाइल हातभर लांब धरून खुर्चीत बसल्या होत्या, आणि माझे वडील त्यांच्या स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. अंगात बनियन, त्यावर राखाडी रंगाचं लांबच लांब कापड छातीवर आडवंतिडवं घेऊन कमरेला गाठ मारलेलं, आणि त्या कापडात टॉवेलात गुंडाळलेली तांदळाची पिशवी. एक हात पिशवीच्या खाली, एक वरच्या टोकावर, जिथं डोकं असतं तिथं. खांबावर चढताना कमरेला पट्टा बांधलेल्या माणसाची एक चाल असते, जरा मागं रेलून पाय टाकायची. तसेच चालत होते. मला बघून ते जागच्या जागी थांबले.

काकूच बोलल्या. "बघ ना, यांची गाडी चारची म्हणतात. म्हणून म्हणे, जायच्या आधी तुम्ही शिकून घ्या. ते गेल्यावर तुला कोण बांधून देईल? सकाळपासून मला शिकवतायत. माझ्या काही लक्षात राहत नाही, उजवा पदर खाली की डावा."

"उजवा," आप्पा म्हणाले. "कितीदा सांगितलं."

मी विचारलं, "हे कुठलं?"

"तू मागवलंवतंस ते बदलून हे आणलं. त्या तिसऱ्या दुकानातनं. त्या पोरीनं मोबाइलवर शिकवणीबी पाठवली, काकूंच्या."

"आणि इथं का ठेवलंय?"

"घरात आणायचं न्हाई म्हणाले," काकू म्हणाल्या, आणि एकदम गप्प होऊन त्यांनी आप्पांकडे बघितलं.

"तुम्ही हे कधीपासून मानायला लागलात?"

"मानत न्हाई."

"मग?"

"तरीबी आणायचं न्हाई."

"का पण?"

आप्पांनी पिशवीवरचा हात काढला नाही. "तू पोटुशी हाईस. तुला सांगायची गोष्ट न्हवं ती. मोकळी हो, मग सांगतो. आत्ता इचारू नको, बाळ."

मला ते 'बाळ' म्हणायचे ते मी शाळेत असताना. आई गेल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं. तरी माझा राग पुरता गेला नव्हता. मी म्हटलं, "पण माझं परत का केलंत? ते तर चांगलं होतं. बकल मी तपासून घेतलं होतं."

"बकल चांगलं हुतं," त्यांनी कबूल केलं. "पट्टा माझ्या अंगावर बसंना."

"तुमच्या अंगावर कशाला बसायला हवा?"

यावर काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की शिकलेली असून किती ठोंब आहेस. आप्पा कापडाची गाठ चाचपत म्हणाले, "ते एकट्याच्या मापाचं हुतं. ह्याला माप न्हाई. तुलाबी येतंय, मलाबी येतंय."

मी काकूंच्या चपलांच्या फळीवर बसले आणि रडले. तोंड झाकलं नाही की काही नाही. महिनोन्‌महिने त्या सोनोग्राफीच्या बाकावर गिळलेलं सगळं त्या परक्या दारात बाहेर आलं. काकू पाणी आणायला आत गेल्या. आप्पांना जवळ यायचं होतं, पण तांदूळ बांधलेले असल्यामुळे वाकता येईना, म्हणून ते नुसते माझ्या शेजारी उभे राहिले. चारची गाडी गेली. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी त्यांनी ट्रंक पुन्हा आतल्या खोलीत नेली आणि झोळी काकूंकडेच राहिली. मी आप्पांचं ऐकलं. विचारलं नाही.

मुलगी झाली. सिझेरियन करावं लागलं, त्यामुळे मला काही आठवडे वजन उचलायला बंदी होती आणि जिना तर एकदाच, सावकाश चढायचा होता. बाळाला कुणी न्यायचं हा प्रश्नच उरला नाही. घरी सोडायच्या दिवशी सकाळी काकू झोळी पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन आल्या. त्यांच्या घरातून थेट तिथं. मग त्या रिक्षा बघायला खाली गेल्या. खोलीत आम्ही तिघंच उरलो, मी, आप्पा, आणि दुपट्यात झोपलेली ती.

आप्पांनी कापड उलगडलं, त्याचा मध्य शोधला, छातीवर घेतलं, पदर मागं नेऊन पुढं आणले. हात सराईत झाले होते. पण बाळाला घ्यायची वेळ आली तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले.

"सांगतो म्हणालो हुतो," ते म्हणाले.

"आता राहू दे. घरी गेल्यावर सांगा."

"न्हाई. उचलायच्या आधी सांगायला पाहिजे."

ते खिडकीकडे बघत बोलले. म्हणाले, "तुझ्याआधी एक मुलगा झाला हुता आम्हाला. तुला कुणी सांगितलं न्हाई. तुझ्या आईनं सातव्या महिन्यापासनं झबली शिवली, कुंच्या शिवल्या. पाळणा मीच आणला. आढ्याला कडी मी ठोकली. आज्जी नको म्हणत हुती, मी हसलो तिला. दिवस भरले हुते, सगळं चांगलं हुतं. मिरजेला दवाखान्यात झाला. रडलाच न्हाई."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

"तुझी आई बेशुद्ध हुती. तिला दाखवलाच न्हाई. आज्जीनं मरेपर्यंत तिला ऐकवलं, आधी आणलंस म्हणून झालं. मी मानत न्हाई, आताबी न्हाई. पण तिनं मानलं. मग तू झालीस तवा घरात फडकंसुद्धा आणू दिलं न्हाई तिनं. पाळणा शेजारच्यांकडनं आणला, त्याच कडीला."

त्या कडीच्या पाळण्यात मी झोपले होते. पुढं तिला झोपाळाही बांधला होता. माझ्या आईनं मला झोके देताना वर बघितलं असेल, आणि मला ते कधी कळलं नाही.

"त्याला न्यायला माझ्याशिवाय कोणी न्हवतं," आप्पा म्हणाले. "लहान बाळाला खांदेकरी नसतेत. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून नर्सनं माझ्या हातात दिला. मी एकटाच चालत निघालो नदीकडं. एवढंसं वजन. मान धरावी लागत हुती. आणि सगळ्या वाटंनं मला वाटायचं, आत्ता हलंल. पूल आला तवा वाटलं, आत्ता हलंल. खड्डा खणला तरी मी हातातच धरून उभा हुतो."

मला दुकानातला काउंटर आठवला. जन्मभर मी ज्याला एकलकोंडा म्हणत आले, आईला ज्याच्याबद्दल 'तुझा बाप दगड आहे' म्हणताना ऐकलं, तो माणूस त्या वाटेवरून एकटाच चालत होता आणि बरोबर यायला कुणालाही त्यानं कधी बोलावलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "दे हिला," म्हणाले.

मी बाळ उचलून त्यांच्या छातीशी धरलं आणि त्यांनी एकेक पाय कापडात घेतला, गुडघे वर, चेहरा बाजूला, हनुवटीखाली बोट घालून बघितलं. मी वाचलेलं सगळं त्यांना पाठ झालेलं होतं. मग ते उठून उभे राहिले. एक हात खाली, एक हात डोक्यावर. आम्ही खोलीतून बाहेर पडलो. मी टाक्यांवर हात धरून हळूहळू चालत होते आणि ते माझ्या गतीनं शेजारी. दवाखान्याचा तो लांब बोळ होता, शेवटी दरवाजा, पलीकडे उन्हात उभी काकूंनी आणलेली रिक्षा. दरवाजाशी आल्यावर आप्पा थांबले. पाऊल पुढं टाकेनात.

"आप्पा?"

त्यांची मान खाली होती. वॉचमननं दार उघडून धरलं होतं, मागून कुणीतरी स्ट्रेचर घेऊन येत होतं, आणि ते मध्ये तसेच उभे. मी त्यांच्या दंडाला धरलं. म्हटलं, "चला, मी आहे बरोबर."

"थांब," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. स्ट्रेचरवाला वळसा घालून गेला. मग कापडाच्या आत काहीतरी ताणलं गेलं, एक टाच त्यांच्या पोटावर आतून उमटली आणि विरली.

"हलली," आप्पा म्हणाले. माझ्याकडे बघून त्यांनी ते पुन्हा सांगितलं, मी शेजारी असूनही मला दिसलं नसेल म्हणून. "हलली गं."

आणि उंबरा ओलांडून ते उन्हात उतरले.